मूळ गावाचा रकाना

हॅलिफॅक्स, कॅनडा
३ ऑगस्ट २०२५

ती. काकांस शरणार्थ.

तुमच्या पत्राचा फोटो मिळाला. मोबाइलवर मराठी टाइप करायला गेलं की तो आपल्याआधी शब्द सुचवतो आणि सुनेसारखं आपलंच खरं करतो, हे तुमचं म्हणणं पटलं. तेव्हा तुम्ही कागदावर लिहा, फोटो पाठवा. मी इथून टाइप करीन. भांड्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं हे मला माहीत आहे.

आता काम. मी ज्या संस्थेत आहे तिथे बाहेरून आलेली माणसं नव्या जागी पोट कसं भरतात याचा अभ्यास होतो, आणि कोणाला येऊ द्यावं यावर सरकारला सल्ले दिले जातात. इथे येणाऱ्याला गुण देतात. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव अशी बेरीज करून. मोठ्या शहरांवर ढीगभर लिहून झालंय. मी बैठकीत म्हटलं की छोट्या बाजारगावात नवा माणूस जागा कशी मिळवतो ते बघू. कोणतं गाव, विचारलं. तोंडातून गंगाखेड निघून गेलं.

सोबत सहा प्रश्नांचा फॉर्म आहे. पहिला, मूळ गाव कोणतं? दुसरा, इथे कधीपासून? तिसरा, पहिली जागा कोणी दिली? बाकीचे तुम्ही वाचालच. तेल गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन भरून घ्यायचा. उत्पन्न कोणालाही विचारू नका, लोक खोटं सांगतात आणि वर चहाही पाजत नाहीत. धम्मानंद सरांशी बोलले आहे. बारावीला अर्थशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं. ते तुमच्याबरोबर फिरतील.

माझं सगळं छान चाललंय. काकूंना सांगा.

तुमची,
अनुपमा


गंगाखेड
१७ ऑगस्ट २०२५

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद.

माणसाला गुण देतात हे वाचून काकूला धक्का बसला. ती म्हणाली, आपल्याकडं फक्त मुलगी बघायला जाताना देतात. मी लगेच बसून माझे काढले. वय बावन्न, म्हणजे तिथं भोपळा. शिक्षण बी.कॉम., तेही दोन हप्त्यांत. इंग्रजी, दुकानाच्या पाटीपुरतं. तुमच्या देशाने मला विमानातून उतरूही दिलं नसतं. तुझे पणजोबा चंद्रप्पा तर आणखी मागे राहिले असते. कानडी मुलखातल्या भालकीकडून पाठीवर पितळी भांड्यांचं गाठोडं घेऊन आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. गिऱ्हाइकाशी ते तांब्या वाजवून बोलायचे.

धम्मानंद सर येऊन गेले. शिस्तीचा माणूस. म्हणाले, आधी एक फॉर्म नमुन्यादाखल भरून बघू. मग त्यांचाच भरला. मूळ गाव गंगाखेड. कधीपासून, तर "माहीत असल्यापासून." पहिली जागा कोणी दिली, यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हा कोरा ठेवा." ठेवला.

तुझ्या उपयोगाची एक भानगड सांगतो. गल्लीच्या तोंडाशी आमच्या व्यापारी मंडळाच्या मालकीचा दगडी ओटा आहे, तुला आठवत असेल, तू त्यावर चढून रडायचीस. त्याच्यावर सतरा वर्षांपासून हरिओम पाणीपुरी लावतो. माणूस मध्य प्रदेशातल्या भिंडकडचा. मुलगी मनिषा इथंच दहावीला आहे. मागच्या महिन्यात मंडळाने ठराव केला की ओटा गंगाखेडच्या मूळ रहिवाशालाच द्यायचा. हरिओमने दिवाळीनंतर उठायचं. आमचे सेक्रेटरी मन्मथअप्पा यांचे मेहुणे भेळ सेंटर काढायच्या विचारात आहेत, पण त्याचा आणि ठरावाचा काही संबंध नाही असं मन्मथअप्पा स्वतः सांगतात, आणि न विचारता सांगतात.

ठराव कोणी लिहिला, कोणी मांडला, ते विचारू नकोस. मंडळाचे ठराव पिंपळासारखे असतात, भिंतीतून आपोआप उगवतात.

तुझा काका,
शिवप्रकाश


हॅलिफॅक्स
२४ ऑगस्ट २०२५

ती. काकांस शरणार्थ.

काका, भानगड काय म्हणताय. मी ज्यावर अभ्यास करतेय नेमकं तेच तुमच्या दुकानासमोर घडतंय. मला त्या ठरावाची प्रत हवी, शब्दन् शब्द. "मूळ रहिवासी" म्हणजे कोण, हे त्यात कुठे लिहिलंय का? इथल्या कायद्यात अशा एका शब्दाच्या व्याख्येला चार पानं लागतात.

आणि हरिओम उठला तर जाणार कुठे? मनिषाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते ना? मंडळात तुमचा शब्द चालतो. तुम्ही काही बोललात की नाही?

फॉर्म लवकर पाठवा. आमच्या प्रमुख बाई रोज विचारतात, तुझं गंगाखेड आलं का. उच्चार इतका वाईट करतात की ऐकून गावाची दया येते.

अनुपमा


गंगाखेड
१४ सप्टेंबर २०२५

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद.

फॉर्म झाले. अडतीस दुकानं. सगळ्यांचे फोटो सर पाठवत आहेत. तीन रविवार गेले, आणि गल्लीने आम्हांला इतका चहा पाजला की सरांनी मधेच पोटाची गोळी घेतली.

पहिल्या प्रश्नाला लोक असे खुलले की काय सांगू. एरवी दर विचारला तरी कपाळाला आठ्या घालणारी माणसं, मूळ गाव म्हटलं की गल्ल्यावरून उठून बाहेर आली. तेलाचे घाणेवाले म्हणाले, "आमी मूळचे औशाचे. तिथं आमची विहीर हाय, पाणी लय गोड." विहीर शेवटची कधी पाहिली म्हटलं, तर म्हणाले, "पाहिली न्हाई. पण हाय." कापडवाले देगलूरचे. किराणावाले कमालनगरचे. मन्मथअप्पा औरादचे, आणि तिथल्या मठात त्यांच्या घराण्याचा पहिला मान आहे, तो घ्यायला ते अजून गेलेले नाहीत. मोबाइल कव्हर विकणाऱ्या एका पोराने बेधडक "गंगाखेड" लिहिलं. संध्याकाळी धावत आला, "अप्पा, खोडा ते. बाबा लय चिडायलेत. आमी कंधारचे हाव."

सर म्हणाले, "कमाल आहे, गंगाखेडात गंगाखेडचं कोणीच नाही."

अपवाद एक. हरिओमला विचारलं, मूळ गाव? त्याने हातातली पुरी खाली ठेवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. म्हणाला, "साब, यहीं का हूँ. गंगाखेड लिखो." मी म्हटलं, अरे, भिंड ना तुझं? तर म्हणाला, "वो तो था." मनिषा शेजारी कांदा चिरत होती. ती म्हणाली, "काका, माझा जन्म सरकारी दवाखान्यातला हाय. माझं तरी लिवा की गंगाखेड."

म्हणजे सदतीस जण खरं बोलले आणि एक खोटं बोलला. मी त्याने सांगितलं तसंच लिहिलं, पण तू आपलं दुरुस्त करून घे.

ठरावाची प्रत मंडळाच्या कपाटात आहे. किल्ली मन्मथअप्पांकडे. बघतो.

शिवप्रकाश


हॅलिफॅक्स
२१ सप्टेंबर २०२५

ती. काकांस शरणार्थ.

आधी माझी फजिती. फॉर्म आले त्याच दिवशी मी बैठकीत सांगून टाकलं की एका भारतीय बाजारगल्लीत अडतीसपैकी सदतीस दुकानदार बाहेरून आलेले आहेत. सगळे थक्क झाले. बाई म्हणाल्या, जगात असं उदाहरण नाही, यावर वेगळा लेख लिही. मी खुशीत घरी आले आणि रात्री जेवताना दुसरा रकाना वाचला. इथे कधीपासून? "आज्यापासून." "निजामाच्या काळापासून." "आधीपासूनच." मूळ गाव म्हणजे आपल्याकडे माणूस कुठून आला ते नसतं, हे मला इथे बसून आठवायला हवं होतं. माझ्या लग्नासाठी बाबांनी समाजाच्या परिचय पुस्तिकेत माझं नाव छापलं तेव्हा मूळ गाव भालकी लिहिलं होतं. मी भालकी नकाशातसुद्धा पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं की आकडा मागे घेते. प्रश्न मीच चुकीचा विचारला होता.

पण काका, हरिओम खोटं बोलला असं मला वाटत नाही. कारण सांगते. परवा भाजीच्या दुकानात एका म्हाताऱ्या बाईने सहज विचारलं, तू कुठली गं? चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी विचारला की मी गोदावरीपासून सुरू करायची, लोक कंटाळेपर्यंत. परवा मी माझ्या रस्त्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, नाही, मूळची कुठली? मी पुन्हा रस्त्याचंच नाव सांगितलं.

माझी कामाची परवानगी डिसेंबरात संपते. नूतनीकरणाचा अर्ज जूनपासून पडून आहे. तुम्हांला सांगायचं नव्हतं. सगळं छान चाललंय हे त्याच पेटीतलं होतं, जिच्यात हरिओमने भिंड ठेवलंय. मूळ गाव मिरवायची चैन ज्याला कोणी उठवणार नाही त्यालाच परवडते.

ठरावाची प्रत अजून आली नाही.

अनुपमा


गंगाखेड
५ ऑक्टोबर २०२५

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं नाही. ती लगेच तुझ्यासाठी इथली स्थळं काढेल. अर्जाचं काय ते कळव, आणि छान चाललंय हे लिहायचं बंद कर.

उत्तराला उशीर झाला. पावसाने ह्या वर्षी कहर केला, गोदावरीचं पाणी कुठवर आलं ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. गल्लीत पाणी शिरलं नाही, पण सगळ्यांनी माल माळ्यावर चढवला. माझी पातेली चढवायला हरिओम आला होता. मी बोलावलं नव्हतं. त्याचा धंदा आठवडाभर बंद होता तर म्हणाला, हात रिकामे आहेत. त्या दिवशी मला त्याच्याशी नीट बोलता येईना. अडीचशे पातेली झाली, मी "सांभाळून" ह्याच्यापलीकडे काही बोललो नाही.

मूळ गावाचं तू म्हणतेस ते खरं. आपल्या लोकांना विचारलं तर घराणं सांगतात. कुठल्या मठाचे, कुणाचे सोयरे, हे त्यात आलं. गाव ह्या शब्दामागे सोयरीक उभी असते. त्याचा मुक्कामाशी संबंध नाही. हे ध्यानात न घेता फॉर्म तू लिहिलास आणि भरला मी, तेव्हा चूक निम्मी निम्मी वाटून घेऊ.

ठरावाचं कपाट दमटपणाने फुगलंय. उघडत नाही. तसा ठराव दोन ओळींचा आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. तू उगाच त्याच्यामागं लागू नकोस.

शिवप्रकाश


हॅलिफॅक्स
८ ऑक्टोबर २०२५

ती. काका,

ठरावाची प्रत धम्मानंद सरांनी पाठवली. कपाट उघडायची गरज पडली नाही, मंडळाने ती ओट्यावरच चिकटवली आहे म्हणे, हरिओमला रोज दिसेल अशी.

काका, तुमचं अक्षर मी लहानपणापासून ओळखते. तुमचा "र" पाय मुडपून बसतो आणि "ळ" दोन मजली असतो. "मूळ रहिवाशालाच" ह्या शब्दांत दोन्ही आहेत.

सरांनी त्यावर काही लिहिलेलं नाही. मीही लिहीत नाही. दिवाळी वीस-एकवीसला आहे.

अनुपमा


गंगाखेड
२६ ऑक्टोबर २०२५

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद.

ठराव मीच लिहिला. मन्मथअप्पा म्हणाले, "अप्पा, तुमचं अक्षर लय झकास, तुमीच लिवा." मला कोणी अक्षराला चांगलं म्हटलं की मी काहीही लिहून देतो, हा माझा जुना रोग. दुसरंही कारण होतं. संध्याकाळी हरिओमची गर्दी माझ्या दुकानाची काच झाकते. हे कारण ठरावात घालता येत नव्हतं, म्हणून "मूळ रहिवासी" घातलं. मोठा शब्द बारकं कारण झाकायला फार उपयोगी पडतो. तुमच्या संस्थेत हे शिकवत असतीलच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ओट्यावरचा माझा "ळ" मी जाऊन पाहिला. चांगला आलाय. हरिओम म्हणाला, "साब, एक प्लेट लगाऊँ?" मी नको म्हटलं आणि घरी आलो.

दिवाळीआधी, अठराला, मंडळाची बैठक घ्यायला लावली. विषय, ठरावाचा फेरविचार. सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन आले. मी उभा राहून एकेक वाचायला लागलो. औसा. देगलूर. कमालनगर. कंधार. वाचता वाचता मन्मथअप्पांपाशी आलो. औराद. मग विचारलं, मेहुण्यांचं काय लिहू? ते म्हणाले, "उदगीर. पण अप्पा, मूळ गाव येगळं आणि ह्ये येगळं. काय ताणायलाव तुमी?" मी म्हटलं, ठरावात मूळ रहिवासी हा शब्द आहे. लिहिणारा मीच. तेव्हा लिहिणाऱ्याचं ऐका, मी चुकलो, रद्द करा.

रद्द करायला कोणी तयार होईना. एकदा पास केलेला ठराव मागं घेतला तर मंडळाची इज्जत काय राहते, असं घाणेवाले म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, गेलं हातातून. हरिओम खाली जिन्याशी मनिषाला घेऊन उभा होता. वर बोलावलं नव्हतं.

तेव्हा धम्मानंद सर उठले. म्हणाले, "ठराव रद्द करू नका. चांगला ठराव आहे." खिशातून कागद काढला. "ओट्यासाठी माझा अर्ज. माझं मूळ गाव गंगाखेड, बापाचं गंगाखेड, आज्याचं गंगाखेड. ह्या गठ्ठ्यात असं लिहिलेले दोनच फॉर्म आहेत. एक हरिओमचा, तो तुम्हांला खोटा वाटतो. एक माझा."

नाही म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. तसं तोंडाने म्हणायचे दिवस गेले आहेत. मनातले गेलेत का, ते त्या पाच मिनिटांत मला सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि माझा चेहरा मला दिसत नव्हता म्हणून बरं.

बोलले ते शेवटी सितारामकाका शिंपी. शहाऐंशी वर्षांचे, कोपऱ्यात बसून असतात. म्हणाले, "ह्याचा आज्या रंगनाथ मला याद हाय. ह्याच ओट्यापशी उभा ऱ्हायचा. ओट्यावर न्हाई, खाली. मीठ-तेल वरून टाकायचे. भांडं घ्यायचं तर तुमच्या दुकानाच्या पायरीखाली, शिवप्रकाश. पायरीवर यायची मुभा नव्हती."

मला हे ठाऊक नव्हतं असं लिहिणार होतो. लिहीत नाही. कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. मन्मथअप्पांनी सहीसाठी कागद माझ्यापुढं सरकवला तेव्हा अक्षराबद्दल काही बोलले नाहीत.

सर खाली आले आणि हरिओमला म्हणाले, "मला पाणीपुरी करता येत नाही. तुम्ही करा. फक्त एक पाटी लावायची." पाडव्याला पाटी लागली. हिरव्या रंगात, मनिषाच्या हातची. रंगनाथ पाणीपुरी सेंटर. पहिल्या दिवशी पहिली प्लेट मन्मथअप्पांच्या मिसेसने खाल्ली आणि तिखट पाणी आणखी मागितलं. मेहुणे उदगीरलाच भेळ काढताहेत.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. सर तिथंच उभे होते. त्यांना म्हटलं, सर, दुकानात या, बसा. ते म्हणाले, "येईन. आधी प्लेट संपवू द्या." अजून आले नाहीत. वाट बघतो. काच झाकली जाते ती जाते. झाकणाऱ्या गर्दीच्या डोक्यावरून ती पाटी बरोबर माझ्या गल्ल्यासमोर येते.

आता तुझ्या अभ्यासाचं. चंद्रप्पांचे गुण मी पुन्हा काढले. भाषा शून्य, शिक्षण शून्य, ओळख शून्य. तरी आल्या वर्षी ह्या गल्लीने त्यांना पायरीच्या वर दुकान दिलं. इथंच जन्मलेला, इथलीच बोली बोलणारा रंगनाथ तेव्हा पायरीखाली उभा होता. म्हणजे चंद्रप्पांना कुठल्यातरी एका गोष्टीचे पैकीच्या पैकी गुण मिळाले असणार. त्या गोष्टीचा रकाना तुझ्या फॉर्मात नाही. घाल. नाहीतर तुझ्या बाईंना वाटेल, गंगाखेडचे लोक बाहेरच्याला फार लवकर आपलं म्हणतात.

आणि माझा फॉर्म अजून कोराच आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? अडतीस दुकानांत मी माझं मोजलं, मूळ गाव भालकी धरूनही टाकलं, फॉर्म मात्र भरला नाही. काल भरायला बसलो. तिसऱ्या प्रश्नाशी, सर थांबले होते तिथंच, थांबलो. पहिली जागा कोणी दिली? त्यांनी कोरा ठेवला, कारण कोणी दिली नव्हती. मी भरू शकतो. भरून सोबत पाठवतोय. अक्षर ह्या वेळी जरा बिघडलंय.

तुझ्या अर्जाचं कळव.

तुझा काका,
शिवप्रकाश